टॅलो फोर्कमध्ये कुणी थँक्यू म्हणत नाही

४ सप्टेंबर

आले एकदाची डोंगरातल्या या टॅलो फोर्क गावाला. शेवटचा रस्ता ओढ्याच्या कडेकडेने वळणं घेत येतो. समोरून कोळशाचा ट्रक आला की आपण मुकाट्याने गाडी झुडपात घालायची. पण दवाखाना पाहिला आणि जीव हरखला. जुन्या पोस्टाच्या इमारतीत तपासणीच्या दोन खोल्या, मागे माझं छोटं घर, अंगणात सफरचंदाचं झाड. दारावर नाव आधीच रंगवून ठेवलंय: जॉर्जीन पेल, नर्स प्रॅक्टिशनर. लेक्सिंग्टन शहरातल्या मोठ्या इस्पितळात इतकी वर्षं काढली, पण तिथे माझं नाव फक्त गळ्यातल्या कार्डावर असायचं.

इथे डॉक्टर नाही. तपासायचं मी, निदान करायचं मी, औषध लिहायचं मी. डॉ. प्राइस लेक्सिंग्टनला बसून अधूनमधून पडद्यावर माझे कागद बघणार, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणार. मला हेच हवं होतं.

काउंटरवर विलोडीन असते. साठीची बाई, केसांचा उंच मनोरा, आवाज घोगरा. माझं सामान उतरायच्या आधी तिने विचारलं, की पोरी, जेवलीस का, आणि उत्तराची वाट न बघता बीन्सचं सूप आणि मक्याचा पाव पुढ्यात ठेवला. मी थँक्यू म्हणाले, तर ती हसली आणि म्हणाली, की माझ्याकडून घेतलंस तर हरकत नाही, मला दुखणं म्हणून नाही. मला काही ते कळलं नाही. डोंगरातला विनोद असेल.

माझ्याआधी मिस हेटी नावाच्या नर्सबाई इथे होत्या. त्यांच्यामागे वर्षभर जागा रिकामी होती. कुठे गेल्या विचारलं, तर विलोडीनने चर्चमागच्या टेकडीकडे हनुवटी उडवली. तिथे दफनभूमी आहे.

११ सप्टेंबर

काम भरपूर आणि मजेचं. पहिला ठसठशीत रोगी बर्ल स्टॅम्पर. खाणीतून निवृत्त, पाय खुर्चीवर ठेवून बसलेला, अंगठा लालभडक, चादरीचा स्पर्शही सोसेना. डोळे मिटून सांगता येईल असा गाऊट, रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांधा सुजतो तो. मी गोळ्या लिहून दिल्या आणि बिअर बंद करायला सांगितली. त्यावर तो म्हणाला, की बिअर बंद करायची तर अंगठाच कापून घे, तो स्वस्तात जाईल.

जाताना त्याने सफरचंदाच्या मुरंब्याची बाटली माझ्या हातात ठेवली. हातात म्हणजे अगदी माझी बोटं मिटवून. मी थँक्यू म्हणाले. त्याने मला एकदा निरखून पाहिलं, टोपी घातली आणि गेला.

एक गंमत लक्षात आली. इथे कुणी थँक्यू म्हणत नाही. औषध दिलं, म्हातारीला हात धरून गाडीत बसवलं, तरी नुसती मान हलवतात. आमच्या आईने आम्हा दोघी बहिणींना चालायच्या आधी प्लीज आणि थँक्यू शिकवलं असावं. ही माणसं दिलदार आहेत, शब्दांनाच तेवढी महाग.

१५ सप्टेंबर

सकाळी पाय जमिनीवर टेकवला आणि किंचाळले. उजवा अंगठा. लाल, गरम, टरारून सुजलेला.

मी अडतीस वर्षांची आहे. दारू पीत नाही, पाळी नियमित. अशा बाईला गाऊट सहसा होत नाही, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. तरी रक्त तपासलं. युरिक ॲसिड बर्लच्या तोडीचं. डॉ. प्राइस पडद्यावर पोट धरून हसले आणि म्हणाले, की पुस्तकात बसत नसलेला एक रोगी प्रत्येकाच्या वाट्याला येतो, तुझा तूच निघालीस. मीही हसले. बर्लला दिलेल्या गोळ्याच आता मी घेते आहे.

बर्ल सकाळी दारावरून गेला. लाकडं फोडायला चालला होता, उड्या मारत.

३ ऑक्टोबर

ओसी कॉम्ब्स. पन्नाशीची विधवा, शाळेजवळ शिवणकाम करते. वजन झरझर उतरलेलं, हात थरथरतात, सुईत दोरा ओवता येत नाही. डोळे खोबणीबाहेर आलेले, गळ्याला गाठ, नाडी सशासारखी पळते. थायरॉइड अंगावर आलेला. रक्ताचा रिपोर्ट आला, तोही तेच सांगतो. थायरॉइड आवरणारी गोळी आणि धडधड थांबवणारी दुसरी, अशा दोन लिहून दिल्या.

तिने गळ्यातला लोकरीचा मफलर काढून माझ्या हातात दिला. स्वतः विणलेला, हिरवागार, अजून तिच्या अंगाने ऊबदार होता. नको म्हटलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून घेतला आणि थँक्यू म्हणाले.

बाहेर विलोडीन खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी मफलर दाखवला, पण तिने वळून पाहिलं नाही.

२१ ऑक्टोबर

कपडे सैल झालेत. छान वाटत होतं, पण आज रोग्याचा रक्तदाब घेताना माझाच हात थरथरला. जिना चढले तर छाती फुटायला आली. मग आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःला तपासलं, जसं दुसऱ्याला तपासते तसं. डोळे, गळा, नाडी, पुढे केलेल्या बोटांची थरथर.

रक्त पाठवलंय. काय येणार ते मला ठाऊक आहे.

२६ ऑक्टोबर

माझा रिपोर्ट आला. ओसीचा आणि माझा शेजारी शेजारी ठेवला तर कुठला कुणाचा ओळखू येणार नाही.

मुद्दा तो नाही. आज ओसी सहज डोकावली. गोबरी झालीय, डोळे जागच्या जागी, नाडी शांत. मी खूश होऊन म्हटलं, की गोळ्यांनी बघ कसा गुण दिला. ती विलोडीनकडे बघून हसली. नंतर औषधाच्या दुकानात फोन केला, तर ओसीने गोळ्या घेतल्याच नव्हत्या. एकसुद्धा नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

हा आजार असा जात नाही. शिंक येते आणि जाते, तसा तर मुळीच नाही.

डॉ. प्राइसना सांगितलं. ते म्हणाले, नर्सला रोग्याची लक्षणं दिसायला लागणं जुनंच आहे, सुट्टी घे. पण रक्ताला कसं दिसेल, असं विचारलं, तर नेट गेलं.

२ नोव्हेंबर

लीथा नोबल. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. माझ्याहून लहान, तीन मुलं, नवरा ट्रकवर. हातातला डाव सारखा पडतो म्हणून आली, आणि तेही मुख्याध्यापिकेने दटावलं म्हणून. स्वतः हसत होती. म्हणाली, की डाव पडतो म्हणजे मी आळशी आहे असं नवऱ्याला वाटतं, तू कागदावर लिहून दे, मी भिंतीवर लावते.

अंगठ्याच्या मुळाशी मांस उरलं नाहीये, तिथे खळगा पडलाय. हात वाळतोय, तरी गुडघ्यावर हातोडी टेकवली तर पाय उसळतो. दोन्ही एकत्र दिसायला नको असतं. मी तिला जीभ तोंडातच सैल ठेवायला सांगितली. जिभेच्या कातड्याखाली काहीतरी वळवळत होतं, सारखं, थांबत नव्हतं.

तिला लेक्सिंग्टनच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हसून पाठवलं. ती गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन रडले. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जाणार. हात, पाय, गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. आणि डोकं शेवटपर्यंत लख्ख. औषध आहे, ते काही महिने लांबवतं, बस.

तिला सोबत काही आणता आलं नव्हतं. म्हणाली, की पुढच्या खेपेला केक आणीन.

१३ नोव्हेंबर

लेक्सिंग्टनहून शिक्कामोर्तब झालं. माझं निदान बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी चुकायला हवं होतं.

चर्चमध्ये लीथासाठी प्रार्थना झाली. सगळे रडले. मग एकेक जण वळून माझ्याकडे बघायला लागला. फार मायेने. बर्लने माझ्यासाठी जागा करून दिली. एका म्हातारीने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, की देवानेच धाडलं बाई तुला.

मला घाम फुटला. थायरॉइडने घाम येतोच.

१४ नोव्हेंबर

विलोडीनला समोर बसवलं आणि विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. चोरून ठेवण्यासारखं काही नव्हतंच, असं म्हणाली, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

दुखणाऱ्या माणसाच्या हातून काही घ्यावं आणि थँक्यू म्हणावं, की दुखणं घेणाऱ्याचं झालं. तिची आजी हे जाणत होती, आजीची आजीही. म्हणून इथे आजारी माणसाला कुणी थँक्यू म्हणत नाही, आणि ज्याच्या अंगात काय आहे ते ठाऊक नाही, त्यालाही नाही. लहान पोरांना चापट मारून ती सवय मोडतात. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, की तुझं थँक्यू कसं होतं माहीत आहे का, उचकीसारखं, तू देत नाहीस, ते येतंच. आणि बर्लला इतकी वर्षं दुखत होतं गं.

मिस हेटीला माहीत होतं का, विचारलं. आधी नव्हतं. मग कळलं, आणि कळल्यावर तिने मुद्दामच म्हणायला सुरुवात केली. तिच्या मते नर्सचं काम तेच. विलोडीन तिच्याबद्दल बोलताना रडली. शेवटी हेटीच्या अंगात इतकं होतं, की मरणाच्या दाखल्यावर काय लिहावं ते डॉक्टरला सुचेना.

मी म्हटलं, मला नाही जमणार. विलोडीन म्हणाली, की कुणी जबरदस्ती करत नाही, बाई. लीथाची मुलं लहान आहेत, एवढंच.

१५ नोव्हेंबर

विश्वास ठेवत नाही. ठेवत नाही, तरी आज एक करून पाहिलं.

मफलर घेऊन ओसीच्या दारात गेले. परत घे म्हटलं. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले, एखाद्या चोरासारखे. मी मफलर तिच्या पायाशी ठेवला. ती त्यावरून पाय उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून ओरडली, की सूप आहे, हवं असेल तर खिडकीतून देते.

१७ नोव्हेंबर

राजीनामा पाठवला. उद्या सकाळी निघते. कुणाकडून काही घ्यायचं नाही. तोंड उघडायचंच नाही.

लीथा केक घेऊन आली होती. सहा थरांचा, सफरचंदाचा. दोन हातांनी धरला होता आणि तरी थाळी हलत होती. मी दार उघडलं नाही. ती पायरीवर बराच वेळ उभी राहिली. मग काचेतून म्हणाली, की जॉर्जीन, घाबरू नकोस, केक विलोडीनने केलाय, मी फक्त आणला. आणि म्हणाली, की मी तुला सांगायला आले, मला ते करायचं नाहीये.

मी तरी उघडलं नाही. मला माझी लाज वाटते. पण माझ्या जिवाची भीती जास्त वाटते.

१८ नोव्हेंबर

लिहू शकते का बघते.

निघाले. गाडी ओढ्यात रुतली. बर्लने ट्रॅक्टर लावून काढली. मी ओठ दातांखाली दाबून धरले. एक शब्द नाही. बर्लने मान हलवली. पुढे गेले. खूप हलकं वाटलं. हसले सुद्धा.

पेट्रोल पंपावर थांबले, कारण टाकी रिकामी होती. दुपारचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पैसे भरून वळले आणि किल्ल्या हातातून निसटल्या. कुणीतरी मागून वाकलं, उचलल्या, माझ्या तळहातावर ठेवल्या. मी पाकीट बंद करत होते. मान वर न करता —

थँक्यू.

मग मान वर केली.

लीथा. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाली, मी नाही गं, मी नुसत्या किल्ल्या उचलल्या, नुसत्या उचलल्या. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. रडता रडता तिने जमिनीवरचा एक खडा उचलून पाहिला. दोन बोटांनी. कालपर्यंत तिला तो केक धरवत नव्हता.

२९ नोव्हेंबर

लेक्सिंग्टनला गेलेच नाही. कशाला जायचं. तपासणी मीच करते रोज.

अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवते. गेल्या आठवड्यात मांस होतं.

आज जीभ पाहिली. आरसा खाली ठेवला.

१९ डिसेंबर

हे इतक्या लवकर होत नाही. याला वर्षं लागतात. पुस्तक म्हणतं वर्षं लागतात.

कपाचा कान धरता येत नाही. बटणं विलोडीन लावते. लीथा रोज येते, मला न्हाऊ घालते, तिचे हात भक्कम आहेत, केस विंचरताना गुंता सोडवते आणि बोलत नाही. तिच्यावर राग यायला हवा. येत नाही.

गाव चांगलं आहे, हीच तर भीती. लाकडं फोडून ठेवतात, सूप आणतात. प्रत्येकाच्या सुपात प्रत्येकाचं काहीतरी असेल. मी घास घेते आणि तोंड मिटते. ते वाट बघतात. थोडा वेळ. मग उद्या येतो म्हणतात.

८ जानेवारी

नेदीन आली. माझी बहीण. लेक्सिंग्टनहून, मला न्यायला. मला बघून तोंडावर हात ठेवला, मग लगेच कामाला लागली, बॅगा भरल्या.

तिला कॉफी हवी होती. मी तिच्यासाठी कप भरला, दोन्ही हातांनी उचलला, पुढे केला. तिने हात पुढे केले. ओठ उघडले.

मी कप खाली आपटला. तिच्या पायांवर कॉफी सांडली.

तीही आमच्या आईचीच मुलगी. ती रोज मला भरवणार, मी कधी तरी तिच्या हातात काही देणार, टॉवेल, चमचा, औषधाची बाटली, आणि ती म्हणणारच. दिवसातून पन्नासदा म्हणते. नियम सांगितला तर वेडी समजेल, आणि वेडी समजून मायेने म्हणेल.

मी तिला नाही नाही ते बोलले. जीभ जड झालीय तरी बोलले. तू नेहमी माझा मत्सर केलास म्हटलं. ती रडत गेली. गाडीपाशी थांबून मागे वळली. मी पडदा ओढला. ओढायला फार वेळ लागला.

आता मला न्यायला कोणी येणार नाही.

२७ जानेवारी

दोन्ही हातांनी पेन. अक्षर माझं नाही.

बर्लची नात. खोकला. रक्त पडतं. बर्ल तिला आणतो, माझ्याजवळ बसवतो, तिच्या हातून माझ्या हातात फूल —

मी नाही म्हटलं. ओठ मिटले. ती गोड आहे. सात-आठ वर्षांची. खोकताना माझ्याकडे बघते.

किती दिवस

फेब्रुवारी

एकच दिलासा. जीभ जाते आहे. शब्द चिकटतात. थ तर येतच नाही. अजून थोडे दिवस. मग म्हणताच येणार नाही. मग कुणी काही देऊ शकणार नाही. मुकी झाले की सुटले.

आवाज लवकर जाऊ दे. कुणी असं मागितलं असेल का

फेब्रुवारी

गेला. सकाळी विलोडीन म्हणाली मला हाक मार, नाही आली. मी हसले. हसू आलं. ती बघतच राहिली.

मुरंबा, केक, फुलं, आणा काय हवं ते. आणा

मार्च

सगळे आलेत. खोलीत मावत नाहीत. बर्ल. ओसी. ती पोर. मागे दारात अजून. सगळ्यांच्या हातात काहीतरी.

विलोडीनने पाटी आणली. इस्पितळातून मागवली म्हणे, माझ्यासाठी, बोलता येत नाही म्हणून. चित्रं आणि शब्द. मी शब्दाकडे बघायचं, डोळे मिटायचे, की ती तो वाचून दाखवणार. मिस हेटीला अशाच पाटीचा आधार झाला, म्हणाली. शेवटपर्यंत बोलत होती.

पाणी. दुखतं. हो. नाही.

सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, थ चा तो शब्द, डोळे उघडले की तोच पहिला दि